जंगल चालत आलं तर?

दोस्तांनो,

सुट्टीनंतर तुमच्या पत्रांचा हा एवढा ढीग साठलाय! कुणी कोडी पाठवलीत, कुणी चित्रं. सगळी वाचतेय, बरं का. पण त्यातलं एक पत्र मात्र मी तीनदा वाचलं. आज त्याबद्दलच बोलूया.

पत्र आठवीतल्या एका मैत्रिणीचं आहे. ‘नाव छापू नका’ असं तिनं वर लाल शाईनं लिहिलंय. ती म्हणते, “ताई, मी हॅरी पॉटरची सातही पुस्तकं वाचली. त्यातली भविष्यवाणी शेवटी खरी ठरते. आमच्या बाईंनी मॅकबेथची गोष्ट सांगितली. त्यातलीही खरी ठरते. सुट्टीत एका लग्नात एका पाहुण्यांनी माझा हात बघितला आणि म्हणाले, हिची विद्यारेषा तुटक आहे, दहावीचं काही खरं नाही. सगळे हसले. मीही हसले. पण परवा गणिताच्या चाचणीत येत असलेलं उदाहरणसुद्धा मी सोडून दिलं. वाटलं, कशाला उगीच? ताई, गोष्टीतल्या भविष्यवाण्या खऱ्या होतात, मग माझीपण होणार का?”

उत्तर एका शब्दात देता येईल. पण मग तुम्ही म्हणाल, मोठी माणसं असंच म्हणतात! म्हणून आधी आपण गोष्टींतल्या भविष्यवाण्याच उघडून बघू. जुनं घड्याळ उघडून आतली चाकं बघतात ना, अगदी तशा.

पहिलं चाक : शब्द

शेक्सपिअरनं साधारण १६०६ मध्ये ‘मॅकबेथ’ हे नाटक लिहिलं. गोष्ट स्कॉटलंडची. राजाचा खून करून मॅकबेथ गादीवर बसतो, पण त्याला रात्रंदिवस भीती वाटत राहते. तो चेटकिणींकडे जातो. तिथं त्याला दोन गोष्टी कळतात. स्त्रीच्या पोटी जन्मलेला कुणीही त्याला इजा करू शकणार नाही. आणि बर्नमचं जंगल डन्सिनेनच्या टेकडीपर्यंत चालत येत नाही, तोवर त्याचा पराभव होणार नाही.

मॅकबेथ खूश! जंगल कधी चालतं का? आणि आईशिवाय कुणी जन्मतं का?

पण शत्रूचे सैनिक बर्नमच्या जंगलात येतात आणि आपण किती जण आहोत हे कळू नये म्हणून एकेक फांदी तोडून अंगापुढे धरून चालू लागतात. किल्ल्यावरून बघणाऱ्याला वाटतं, जंगलच चालत येतंय! पुढे मॅकडफ समोर येतो आणि सांगतो, माझा जन्म नेहमीसारखा झालाच नाही, वेळेआधी आईचं पोट कापून मला बाहेर काढलं होतं. आज आपण ज्याला सिझेरियन म्हणतो, तसंच काहीसं. झालं, मॅकबेथ संपला. (बर्नम हे खरं गाव आहे, बरं का. तिथं टे नदीच्या काठी एक अतिवृद्ध ओक वृक्ष आहे. त्या जुन्या जंगलातला तो शेवटच्या झाडांपैकी एक, असं मानतात. त्याच्या फांद्यांना आता टेकू दिलेत.)

म्हणजे युक्ती काय? ‘जन्मलेला’ आणि ‘चालत येणं’ या शब्दांचा मॅकबेथनं एकच अर्थ धरला. गोष्टीनं दुसरा अर्थ खिशात ठेवला होता.

शाळेत असताना हे नाटक वाचून एक मुलगा भलताच नाराज झाला. नुसत्या फांद्या? खरी झाडं युद्धाला निघायला हवी होती! तो मुलगा म्हणजे जे. आर. आर. टॉल्किन. १९५४-५५ मध्ये त्याचं ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ आलं, तेव्हा त्यात एंट नावाचे वृक्षासारखे प्राणी खरोखरच चालत जाऊन दुष्ट जादूगाराचा गड मोडतात.

त्याच पुस्तकात ‘विच-किंग’ नावाचा एक भयंकर राजा आहे. ‘मॅन’च्या हातून त्याला मरण नाही, अशी भविष्यवाणी असते. इंग्रजीत ‘मॅन’ म्हणजे माणूस आणि ‘मॅन’ म्हणजे पुरुषही. त्याला मारतं कोण? एओविन नावाची तरुणी. तिला युद्धावर जायला मनाई असते, म्हणून ती पुरुषाच्या वेशात गेलेली असते. तिला मदत करतो मेरी नावाचा बुटका हॉबिट. तो पुरुष आहे, पण माणूस नाही! एकाच शब्दाच्या दोन अर्थांतून दोघं आत शिरले. आता हे कोडं मराठीत सांगून बघा. ‘पुरुष’ म्हटलं तर लगेच फुटतं. ‘माणूस’ म्हटलं तर एओविन अडते, कारण आपल्याकडे बाईसुद्धा ‘बाईमाणूस’ असते. आहे की नाही गंमत?

दुसरं चाक : न सांगितलेलं

ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनं एक किस्सा लिहून ठेवलाय. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागात लिडिया नावाचं राज्य होतं. त्याचा राजा क्रीसस अतिशय श्रीमंत. इराणवर स्वारी करू का, असं त्यानं डेल्फीच्या देवळात विचारलं. उत्तर आलं, स्वारी केलीस तर एक मोठं साम्राज्य नष्ट होईल. क्रीसस आनंदानं निघाला. इ. स. पू. ५४६ च्या सुमारास साम्राज्य नष्ट झालं. पण ते त्याचं स्वतःचं! ‘कोणतं?’ हा एक प्रश्न त्यानं विचारला असता तर? पण आपल्याला हवं ते ऐकू आलं, की माणूस पुढचा प्रश्न विचारत नाही.

तिसरं चाक : ऐकणारा

आता हॅरी पॉटर. २००३ मध्ये आलेल्या पाचव्या पुस्तकात ती भविष्यवाणी आपल्याला कळते. सातव्या महिन्याच्या अखेरीस जन्मणाऱ्या एका मुलाकडे व्होल्डेमॉर्टला हरवण्याचं सामर्थ्य असेल. तसे मुलगे दोन होते, हॅरी आणि नेव्हिल. भविष्यवाणीत नाव कुणाचंच नव्हतं. निवड केली ती व्होल्डेमॉर्टनं. शिवाय त्याच्यापर्यंत भविष्यवाणीचा पहिला अर्धाच भाग पोचला होता. तो त्या तान्ह्या मुलाला मारायला गेला आणि त्याच रात्री त्यानं स्वतःच्या हातानं स्वतःचा शत्रू तयार केला. कपाळावरची खूण त्यानंच दिली!

तुम्हाला कंस आठवला असेल. आकाशवाणी ऐकून त्यानं देवकी-वसुदेवाला कोंडलं, म्हणून तर कृष्ण त्याच्या नजरेआड गोकुळात वाढला.

सहाव्या पुस्तकात डम्बलडोर हॅरीला हेच समजावतात. जादू मंत्रालयात काचेच्या गोळ्यांमध्ये भविष्यवाण्या जपून ठेवलेल्या आहेत. त्या सगळ्या काही खऱ्या झालेल्या नाहीत. ही एक खरी होऊ लागली, कारण व्होल्डेमॉर्टनं तिच्यावर विश्वास ठेवला आणि तसा वागला.

आणि चावी कुणाकडे?

तीन चाकं झाली. पण घड्याळाला चावी देतं कोण? लेखक! शेक्सपिअरनं मॅकबेथची कथा होलिनशेड नावाच्या लेखकाच्या इतिहासग्रंथातून घेतली. म्हणजे लेखणी हातात घेण्याआधीच त्याला शेवट ठाऊक होता. गोष्टीतली भविष्यवाणी खरी ठरते, कारण ती सांगणाऱ्यानं शेवटचं पान आधी बघितलेलं असतं.

आता माझ्या आठवीतल्या मैत्रिणी, तुझ्याकडे येते. लग्नातल्या त्या पाहुण्यांनी तुझं शेवटचं पान बघितलेलं नाही. ते अजून कुणी लिहिलेलंच नाही.

त्यांचं वाक्यही उघडून बघ. ‘दहावीचं काही खरं नाही’ म्हणजे काय? नापास? की साठ टक्के? तुला साठ मिळाले तर ते म्हणतील, बघा, मी म्हटलं नव्हतं? आणि नव्वद मिळाले तर ते विसरूनही जातील. हवामान खातं निदान सांगतं, की उद्या अमुक भागात पाऊस पडेल. चुकलं तर आपल्याला चुकलं म्हणता येतं. पाहुण्यांचं वाक्य चुकूच शकत नाही, म्हणून त्यातून काही कळतही नाही.

राहिलं तिसरं चाक. ते मात्र फिरायला लागलंय, आणि मला काळजी वाटते ती त्याचीच. चाचणीतलं उदाहरण हातावरच्या रेषेनं सोडलं नाही. येत असून तू सोडलंस. अशी दहा-वीस उदाहरणं सुटली, की पाहुण्यांचा शब्द खरा होईल आणि सगळे म्हणतील, कमालच आहे, बरोबर सांगितलं होतं हो! तर एक कर. ते सोडून दिलेलं उदाहरण आज रात्री वहीत सोडव. अडलीस तर बाईंना विचार. आणि सोडवलेलं मला पाठव. मी वाट बघतेय.

आई-बाबा, हे पान तुम्हीही वाचता, ठाऊक आहे मला. “हा काही शिकणार नाही,” “हिच्या डोक्यात गणित शिरायचंच नाही,” ही वाक्यं आपण सहज बोलून जातो आणि विसरतो. मुलं विसरत नाहीत. आणि लग्नात सगळे हसले, तेव्हा तुमच्यापैकी कुणी तिला जवळ घेऊन “त्यांना काय कळतंय गं?” असं म्हणालं असतं, तर हे पत्र बहुधा आलंच नसतं.

आता तुमचा अभ्यास! दोन ओळींची एक भविष्यवाणी तयार करा. ऐकल्यावर अशक्य वाटली पाहिजे आणि तरी साध्या युक्तीनं खरी ठरली पाहिजे. वाट, पान, कर, तीर... मराठीत दोन अर्थांचे शब्द खंडीभर आहेत, शोधा. पोस्टकार्डावर एका बाजूला भविष्यवाणी, दुसरीकडे कोपऱ्यात बारीक अक्षरांत उत्तर. पण एक अट आहे. ती राजाराणीबद्दल, राक्षसाबद्दल, कुणाहीबद्दल असू दे. शेजारच्या बाकावरच्या मित्राबद्दल नको.

तुमची,
ताई