फॉस्फेटची कडी

जुलाब झाले की आई पाण्यात साखर-मीठ कालवून देते. नुसतं पाणी का नाही देत? उत्तर आतड्यातल्या एका दारापाशी सापडतं.

आपली प्रत्येक पेशी पातळ, तेलकट पापुद्र्यात गुंडाळलेली असते. मिठाचे आयन त्यातून आरपार जात नाहीत. त्यांच्यासाठी प्रथिनांची दारं असतात. आतड्यातल्या अशा एका दाराचं नाव सीएफटीआर. त्यातून क्लोराइड बाहेर पडतं, त्यामागे सोडियम आणि दोघांमागे पाणी. आतडं ओलसर राहायला थोडं पाणी लागतंच म्हणा.

पण दार उघडायचं कधी? पीकेए नावाचं विकर त्या प्रथिनावर फॉस्फेटचे चिमुकले गट चिकटवतं, की दार उघडू लागतं. दुसरी विकरं ते गट काढतात, की मिटतं. चिकटव, काढ, पुन्हा चिकटव!

पटकीच्या जंतूचं विष मोठं लबाड. ते दाराला हातही लावत नाही. पेशीतल्या दुसऱ्याच एका प्रथिनाला ते रासायनिक शेपूट जोडतं आणि 'चालू' स्थितीत अडकवून ठेवतं. मग सीएएमपी हा निरोप्या वाढतच जातो, पीकेए थांबत नाही आणि दार राहतं सताड उघडं. मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणीसुद्धा जाऊ शकतं! हे विषाचं काम आहे, हे १९५९ साली कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी सशांवर प्रयोग करून दाखवलं. त्यांना नोबेल मिळालं नाही, याची चुटपुट लागते.

आता साखर. शोषणाचं एक वेगळं दार या गडबडीतही शाबूत असतं. त्यातून ग्लुकोजचा एक रेणू आत जाताना सोडियमचे दोन आयन बरोबर नेतो, मागोमाग पाणी. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ होती आणि सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पिंपांत भरला. पाजलं कोणी? रुग्णांच्या नातेवाइकांनीच! शंभरातले तीसेक दगावत होते, ते चारांच्या आत आले.

औषधाच्या दुकानातलं ओआरएसचं पाकीट उत्तम. ते नसेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. घोट घोट प्यायचं. मीठ मात्र अंदाजाने नको हं, जास्त झालं तर उलट अपाय होतो. आणि मूल मलूल दिसलं, लघवी कमी झाली, तर आई-बाबांनी घोट पाजत पाजतच दवाखाना गाठायचा.