परदेशी विद्या आणि कोयत्याची मुले

ज्या बीड जिल्ह्यातून दर वर्षी लाखो माणसे ऊस तोडण्यासाठी परमुलखात जातात, त्या जिल्ह्यातील तरुण-तरुणींनी शिक्षणशास्त्र आणि मानसशास्त्र शिकण्यासाठी परदेशी विद्यापीठांत जावे, असे म्हटले तर पुष्कळांना ते चैनीचे बोलणे वाटेल. डॉक्टरी किंवा अभियांत्रिकीसाठी परदेशी जाणे लोकांना समजते. पण मुलाला कसे शिकवावे आणि माणसाचे मन कसे चालते, हे शिकण्यासाठी सातासमुद्रापार कशाला, असा प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर देणे आवश्यक आहे. कारण नेमका हाच प्रश्न पुढे करून केंद्र सरकारने २०२२ साली दलित, भटक्या आणि भूमिहीन विद्यार्थ्यांच्या वाटेत एक धोंड आणून ठेवली.

आधी जिल्ह्याची स्थिती पाहू. दसरा उलटला की पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतील वाड्या-तांडे रिकामे होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. हा कोयता पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातो, आणि त्याच्याबरोबर मुलेही जातात. शाळा जूनमध्ये सुरू होते; पहिले सत्र संपते न संपते तोच मूल वर्गातून उठते आणि उन्हाळा तोंडावर आला म्हणजे परतते. दहा-बारा वर्षांची मुलगी फडाच्या कडेला कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळीत बसते. शिक्षणाच्या हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. साखरशाळा झाल्या, हंगामी वसतिगृहे झाली, २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजनाही आली. हे सर्व आवश्यकच होते. परंतु नऊ वर्षांचे मूल सहा महिने आईबापांपासून दूर राहते तेव्हा त्याच्या मनात काय घडते? तुकड्यातुकड्यांनी शाळेत येणाऱ्या मुलाला वाचन कसे शिकवावे? मराठी मूल कर्नाटकातील कानडी शाळेच्या दारात उभे राहिले तर त्याच्या भाषेचे काय होते? या प्रश्नांची उत्तरे शासकीय परिपत्रकांत मिळत नाहीत. ती शोधण्यासाठी शास्त्र लागते, आणि शास्त्र शिकलेली, पण फड पाहिलेली माणसे लागतात.

आता त्या शास्त्राकडे वळू. १९०५ मध्ये पॅरिस येथे आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉन यांनी शाळेत मागे पडणारी मुले ओळखण्यासाठी बुद्धिमापनाची पहिली श्रेणी तयार केली. अशा मुलांना निराळी मदत मिळावी, हा बिने यांचा हेतू होता. अमेरिकेत टर्मन यांनी १९१६ साली तिची सुधारलेली आवृत्ती काढली, आणि तेथे तीच मोजणी माणसांची जन्मजात प्रतवारी लावण्यासाठी वापरण्यात येऊ लागली. आपल्याकडे डॉ. कामत यांनी धारवाड येथे तिचे कानडी आणि मराठी रूपांतर सिद्ध केले. बिने-कामत चाचणी या नावाने ती महाराष्ट्राला परिचित आहे. चाचणी उपयुक्त खरी. पण अर्धे वर्ष शाळेबाहेर काढलेल्या मुलाला अशा कोणत्याही चाचणीत कमी गुण मिळाले, तर त्यातून त्याची बुद्धी मोजली जाते की त्याच्या बापाची उचल, हे ठरविणारा अभ्यासक कोठे आहे? असा अभ्यासक नसला म्हणजे 'मंद' हा शिक्का मारून व्यवस्था मोकळी होते.

परदेशी मानसशास्त्राची मर्यादा तेथील विद्वानांनीच दाखवून दिली आहे. अमेरिकेतील प्रमुख मानसशास्त्रीय नियतकालिकांची छाननी करून जेफ्री आर्नेट यांनी २००८ मध्ये दाखविले की, ज्यांच्यावर संशोधन झाले त्यांपैकी सुमारे ९६ टक्के माणसे पाश्चात्त्य औद्योगिक देशांतील होती. या देशांत जगाच्या लोकसंख्येचा जेमतेम आठवा हिस्सा राहतो. याचा सरळ अर्थ असा की, 'मानवी मन' म्हणून जे पुस्तकांत शिकविले जाते त्यात धारूरच्या डोंगरातील मूल जवळजवळ नाहीच. म्हणून बीडच्या विद्यार्थ्याने तेथे जाणे म्हणजे भिक्षा मागणे नव्हे. त्याने त्या शास्त्राची शिस्त घ्यावी आणि त्या शास्त्रात नसलेले आपले जग त्यापुढे ठेवावे, असा हा दुहेरी व्यवहार आहे.

असा व्यवहार आपल्या लोकांनी पूर्वी केलेला आहे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे शिक्षणाला लोकशाहीचा पाया मानणारे जॉन ड्यूई त्यांना गुरू म्हणून लाभले. ९ मे १९१६ रोजी त्यांनी तेथील मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात निबंध वाचला, तो भारतातील जातींच्या उत्पत्तीवर. पुढे १९५० मध्ये त्यांच्याच पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले आणि निजामी राजवटीत शिक्षणाला पारख्या राहिलेल्या मराठवाड्यातील दलित मुलांसाठी उच्च शिक्षणाचे दार उघडले. शिक्षणशास्त्राचेच उदाहरण हवे असेल तर डॉ. चित्रा नाईक यांचे घ्यावे. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर त्या कोलंबिया विद्यापीठात शिकल्या आणि परतून त्यांनी गारगोटीसारख्या ग्रामीण भागात काम केले. दिवसा गुरे राखणाऱ्या, घरकाम करणाऱ्या मुलामुलींसाठी रात्रीच्या अनौपचारिक वर्गांचा प्रयोग त्यांनी १९७९ नंतर पुणे जिल्ह्यातील खेड्यांत उभा केला. परदेशी विद्या अशा रीतीने घरी येते.

या पार्श्वभूमीवर २०२२ चा नियम पाहावा. राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीची योजना १९५४-५५ पासून चालत आलेली आहे. त्या वर्षीच्या नियमावलीत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय या शिष्यवृत्तीतून वगळण्यात आले. या विषयांची साधने व तज्ज्ञ देशातच आहेत, असे समर्थन करण्यात आले. म्हणजे ऊसतोड कामगारांच्या मुलांचे शिक्षण हा विषय घेऊन एखादी विद्यार्थिनी लंडनला निघाली तर तिचा विषय या अटीत अडकणार. आंबेडकरांचा १९१६ चा निबंधही या अटीत बसला नसता. ज्यांनी जात, स्थलांतर आणि भूक अंगावर सोसली, त्यांनी दुसरे काहीही शिकावे, पण आपल्या समाजाची चिकित्सा जगापुढे करू नये, असा या अटीचा परिणाम होतो. श्रीमंतांच्या मुलांवर असे कोणतेही बंधन नाही. ती बापाच्या पैशाने जातात आणि हवा तो विषय घेतात.

संख्येची गोष्ट वेगळीच. या योजनेच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी, ६ भटक्या-विमुक्तांसाठी आणि भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर यांच्यासाठी अवघ्या ४ ठेवण्यात आल्या. साऱ्या देशातील भूमिहीनांच्या मुलांसाठी चार जागा! २०२५ मध्ये तर निवडलेल्या १०६ उमेदवारांपैकी आधी ४० जणांनाच पत्रे देण्यात आली आणि बाकीच्यांना निधी उपलब्ध होण्याची वाट पाहावयास सांगण्यात आले. महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या ७५ विद्यार्थ्यांपुरती आहे. तेथेही जागतिक क्रमवारीत वर असलेल्या विद्यापीठाचा प्रवेश आधी हातात हवा. त्या प्रवेशासाठी इंग्रजीची परीक्षा, अर्जांची शुल्के, प्राध्यापकांची शिफारसपत्रे लागतात. हा सर्व खर्च शिष्यवृत्ती मिळण्याच्या आधीचा आहे. पुण्या-मुंबईच्या मुलाला हे सांगणारे कोणी तरी घरात असते. गेवराईच्या मुलाला पुष्कळदा अंतिम मुदत उलटल्यावर योजनेचे नाव कळते.

दोन आक्षेपांचा विचार केला पाहिजे. जिल्हा परिषदेच्या शाळांना शिक्षक मिळत नाहीत, तेव्हा परदेशी शिष्यवृत्तीवर पैसा कशाला, असा पहिला आक्षेप. शाळांवरचा खर्च वाढलाच पाहिजे, यात दुमत नाही. परंतु सव्वाशे शिष्यवृत्त्या बंद करून एखाद्या जिल्ह्याच्या शाळाही सुधारणार नाहीत, आणि शिक्षकांना शिकविणारे जाणते अध्यापक मात्र गमावले जातील. दुसरा आक्षेप असा की गेलेली माणसे परतत नाहीत. हा आक्षेप खरा आहे, म्हणून त्यावर उपायही हवा. सयाजीरावांनी आंबेडकरांकडून दहा वर्षे नोकरीचा करार लिहून घेतला होता. पण बडोद्यात त्यांना राहावयास घर मिळाले नाही आणि तो विद्वान मुंबईस परतला. करार कागदावर राहतात. काम आणि सन्मान मिळाला तर माणूस राहतो. परतलेल्या शिक्षणतज्ज्ञाला जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, मानसशास्त्रज्ञाला वसतिगृहांत आणि शासकीय रुग्णालयांत कायम जागा मिळाली पाहिजे. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या या जिल्ह्यात मनाच्या जाणकारांना काम नाही, असे कोण म्हणेल?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. भारतविषयक सामाजिक अभ्यासावरील बंदी कोणत्याही रूपात नियमावलीत राहता कामा नये. भूमिहीनांच्या चार जागा वाढविल्या पाहिजेत, आणि निवड झालेल्या प्रत्येकाला निधीची हमी त्याच दिवशी मिळाली पाहिजे. प्रवेशापूर्वीच्या खर्चासाठी आगाऊ साहाय्य आणि प्रत्येक जिल्ह्यात मार्गदर्शन केंद्र असले पाहिजे.

कार्यकर्त्यांनी या मागण्यांची निवेदने देऊन थांबू नये. आपल्या तालुक्यातील महाविद्यालयात कोयत्याच्या घरातून आलेली कोण मुले-मुली शिकतात, त्यांची यादी करावी, आणि या योजनांची माहिती त्यांच्या हाती मुदतीच्या आधी पोहोचवावी. उसाच्या फडात शाळा बुडालेली एक मुलगी शिक्षणशास्त्र शिकून परत आली आणि तिने आपल्याच तांड्याच्या मुलांसाठी वाचनाची नवी पद्धत बसविली, तर त्या एका शिष्यवृत्तीची फेड शंभर घरांत होईल.