लोर्नाचा ताळो आपलाही आहे

मुंबईच्या संगीताचा इतिहास सांगताना आपण गिरगावातली नाट्यगृहं, रेकॉर्ड कंपन्या, आकाशवाणी आणि चित्रपटांचे स्टुडिओ यांच्याबद्दल भरभरून लिहितो. याच शहरात साठच्या दशकात चर्चगेटजवळच्या अस्टोरिया हॉटेलातल्या ‘व्हेनिस’मध्ये क्रिस पेरी यांच्या बँडसोबत एक कोवळ्या वयाची गोवेकर मुलगी गात होती. लोर्ना कोर्देरो हे तिचं नाव. पुढे तिने जॅझ, स्विंग आणि लॅटिन ठेक्यांवर कोकणी गाणी गायली आणि ती गोव्याच्या घराघरांत पोचली. गोव्यात लोर्ना यांचं नाव आजही प्रेमाने घेतलं जातं. मराठी संगीतलेखनात मात्र त्या जवळजवळ नाहीतच. ही उणीव विसरभोळेपणातून आलेली नाही. ‘आपलं’ संगीत कोणतं, याविषयीची आपली कल्पनाच अपुरी आहे. लोर्ना यांचं गाणं म्हणजे परक्या संगीताला कोकणी शब्द चिकटवणं नव्हे. कोकणीने एक नवी संगीतभाषा पचवून स्वतःची केली, त्याचा तो पुरावा आहे आणि त्या वारशावर गोव्याइतकाच मुंबईचाही हक्क आहे.

हे संगीत कुठून आलं, ते आधी पाहू. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चशी जोडलेल्या शाळांमधून गावोगावची मुलं स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकली. पिढ्यान्पिढ्या चाललेल्या या शिक्षणातून वाचून वाजवू शकणाऱ्या वादकांची मोठी फळी तयार झाली. गावात पोट भरेना तेव्हा ते मुंबईत आले, धोबीतलावच्या आसपासच्या गावकीच्या ‘कूडां’मध्ये, म्हणजे सामायिक बिऱ्हाडांत, दाटीवाटीने राहिले आणि रात्री हॉटेलांत, दिवसा स्टुडिओत वाजवू लागले. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचं वाद्यवृंद-संयोजन करणारे सेबास्टियन डिसोझा याच परंपरेतले, वादक अँथनी गोन्साल्विस आणि चिक चॉकलेटही त्यातलेच. मडगावच्या बोर्ड्याचे क्रिस पेरी ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन वाजवत, शिवाय चाली बांधत. मुंबईतल्या गोवेकरांचं दुसरं विद्यापीठ होतं तियात्र, म्हणजे गाण्यांनी भरलेलं कोकणी नाटक. पहिला तियात्र 1892 साली मुंबईतच रंगला. तियात्रात प्रवेशांच्या मधे गायली जाणारी ‘कांतारां’ दारुड्यापासून सत्ताधाऱ्यापर्यंत कुणालाही सोडत नसत. लोर्ना यांच्या गाण्यात क्लबातला जॅझ आणि तियात्रातलं हे बोलकं कांतार एकत्र येतात. ही दोन्ही रूपं एकाच शहरात, त्याच माणसांच्या हातून वाढत होती. त्यामुळे त्यांची गाठ पडणं स्वाभाविकच होतं.

‘बेबदो’ हे त्यांचं गाजलेलं गाणं घ्या. बेबदो म्हणजे बेवडा, तियात्राच्या प्रेक्षकाला पाठ असलेलं पात्र. पण इथे त्याच्यामागे पितळी वाद्यांचा ताफा उभा आहे. या शब्दातला ‘ब’चा दुहेरी आघात आणि शेवटी उघडा पडणारा ‘दो’ ट्रम्पेटच्या तुटक फटकाऱ्याला बरोबर भिडतो. इंग्रजी चालीत कोकणी शब्द कोंबले असते तर ते अडखळले असते. इथे बोलीच्या ठोक्यानेच वाद्यांना जागा करून दिली आहे. लोर्ना यांचा आवाज भरदार, मोकळा आणि थोडा खरखरीत आहे. नाजूक होण्याचा आव न आणता त्या बाजारातल्या एखाद्या विक्रेतीच्या तडफेने शब्द फेकतात. ‘पिस्सो’, ‘लिस्बोआ’, ‘नाचुंया कुंपासार’ या गाण्यांचे भाव वेगवेगळे आहेत. पण प्रत्येक ठिकाणी आधी कोकणी बोलते आणि मग वाद्यं तिला उत्तर देतात.

यावर पहिला आक्षेप शुद्धतेचा असतो. ही मिसळ आहे, तिला परंपरा कसं म्हणायचं? पण मिसळ नको म्हटलं तर आपल्या हाती काय उरतं? युरोपातून आलेली पेटी नाट्यसंगीताची सोबतीण झाली. 1937 सालच्या ‘कुंकू’मध्ये केशवराव भोळे यांच्या संगीतात शांता आपटे यांनी लाँगफेलोची इंग्रजी कविता गायली आणि तो चित्रपट आपण अभिमानाने मराठी म्हणतो. खुद्द गोव्याच्या मांडो या गीतप्रकारात युरोपीय वळणाच्या सुरावटीला घुमटाचा ताल असतो आणि तेच मातीचं घुमट देवळातल्या आरतीतही वाजतं. तेव्हा बाहेरचं काय घेतलं, यापेक्षा घेतलेलं अंगी लागलं का, ही कसोटी खरी. लोर्ना यांचं गाणं या कसोटीला पूर्ण उतरतं.

दुसरा आक्षेप असा की हे हॉटेलांतल्या उच्चभ्रूंचं मनोरंजन होतं. समोर बसलेला श्रोता पैसेवाला होता, हे खरं. पण वाजवणारे कूडांत राहणारे कष्टकरी होते आणि रेकॉर्ड निघाल्यावर गाणी ज्यांच्या घरी पोचली, तेही बहुतेक असेच होते. लावणी धनिकांच्या बैठकीत रंगली म्हणून ती धनिकांची ठरली नाही. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. चाली क्रिस पेरींच्या, मग श्रेय गायिकेला का? पेरींचं श्रेय निर्विवाद आहे. तरी चालीला माणसाचा चेहरा देतो तो गळा. सत्तरच्या दशकात लोर्ना मंचावरून दूर झाल्या आणि दोन दशकांहून अधिक काळ गायल्या नाहीत. चाली जागच्या जागी होत्या, पण लोर्ना यांची जागा दुसऱ्या कुणी भरून काढली नाही. 1995 मध्ये रॉनी मोन्सेराते यांच्या साथीने ‘आयकात म्होजो ताळो’ घेऊन त्या परतल्या, तेव्हा गोव्याने त्यांना डोक्यावर घेतलं. ताळो म्हणजे आवाज, आणि लोक त्याचीच वाट पाहत होते. पुढे बार्द्रॉय बार्रेतो यांच्या ‘नाचुंया कुंपासार’ या चित्रपटाने पेरींची गाणी नव्या पिढीसमोर आणली आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

मग मराठीत ही गाणी का पोचली नाहीत? मोठं कारण लिपीचं आणि धर्माच्या भिंतीचं आहे. ही गाणी रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या कोकणीत लिहिली गेली. 1987 च्या राजभाषा कायद्याने मान्यता दिली ती देवनागरीतल्या कोकणीला. गोव्यातल्या कोकणी-मराठी भाषावादाच्या त्या कडवट वर्षांत मराठी वाचक आणि ख्रिस्ती गोवेकर एकमेकांना पाठमोरे झाले. लिपीचा वाद ज्यांना घालायचा त्यांनी घालावा. पण गाणं कानाने ऐकायचं असतं आणि कानाला लिपी नसते. ‘बेबदो’ समजायला मालवणी माणसाला फारसे कष्ट पडणार नाहीत.

म्हणून आता काही ठोस कामं व्हायला हवीत. या गाण्यांचे शब्द देवनागरीत, अर्थ आणि स्वरलेखनासह छापले जावेत. महाराष्ट्रातल्या संगीत अभ्यासक्रमांत नाट्यसंगीत आणि भावगीताच्या शेजारी मुंबईच्या गोवेकर संगीताला जागा मिळावी. जुन्या रेकॉर्ड आणि वादकांच्या हातची स्वरलेखनाची पानं सरकारी संग्रहांनी मागून घ्यावीत, कारण ती अजून घरांतल्या पेट्यांत आहेत आणि ज्यांनी ती वाजवली ती माणसं थकली आहेत. त्या पानांवरचा कोणता सूर कुणी, कसा वाजवला, हे सांगणारं माणूस गेलं की मागे नुसता कागद उरेल. हे काम आजच सुरू करायला हवं.