भिंतीला फुटले तोंड

भिंतीला कान असतात, असे आपल्याकडे पूर्वापार सांगत आले आहेत. ज्याने ही म्हण काढली त्याला २६ जानेवारीला दुपारी तीन वाजता आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीच्या आवारात आणून उभा करावा, अशी माझी फार इच्छा आहे. बिचाऱ्याने म्हण जागच्या जागी मागे घेतली असती. आमच्या भिंतीला कान नाहीत. तिला नुसते तोंड आहे. तेही एक नव्हे, एकावर एक रचलेल्या आठ खोक्यांची आठ तोंडे. ही भिंत भाड्याने मिळते आणि तिला डीजे म्हणतात.

वाचकहो, माझे पहिले भांडण या नावाशीच आहे. डीजे म्हणजे डिस्क जॉकी. डिस्क म्हणजे तबकडी आणि जॉकी म्हणजे घोडेस्वार. म्हणजे मुळात डीजे हा माणूस! गाण्याच्या पाठीवर बसून लगाम हातात ठेवणारा. १९५२ साली रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि पुढे कितीतरी वर्षे दर बुधवारी अमीन सायानी नावाच्या माणसाने अख्खा देश रेडिओपाशी आणून बसवला. तो माणूस कधी ओरडला नाही. उलट लोकच खुर्ची ओढून जवळ सरकत. शिवाय 'भाइयों और बहनों' म्हणायच्या काळात तो बहिणींना आधी हाक मारायचा. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

आता आपण काय म्हणतो? 'हळदीला डीजे लावला.' 'मिरवणुकीत डीजे लावला.' माणसाला कुणी 'लावत' नाही हो! पंखा लावतात, कुलूप लावतात, वशिला लावतात. भटजींना बोलावतात, केटररला सांगतात, पण डीजेला मात्र लावतात. भाषेने निकाल केव्हाच देऊन टाकला आहे. माणूस गेला, खोकी राहिली.

हे मी अधिकाराने बोलतो. २०१३ ते २०२३, मधले करोनाचे वर्ष सोडून, आमच्या सोसायटीच्या २६ जानेवारीची दुपारची गाणी मी लावत होतो. (पाहा, गाणी लावतात.) माझी निवड गुणवत्तेवर झाली. सेक्रेटरी म्हणाले, "हा बँकेत आहे, म्हणजे दिलेलं सामान मोजून परत करील. आणि ह्याला नाचता येत नाही, म्हणजे जागा सोडून जाणार नाही." एक लॅपटॉप, दोन बेताचे स्पीकर, आणि वायर कुणाच्या पायात येऊ नये म्हणून तिच्यावर टाकलेले पायपुसणे, एवढा माझा संसार.

२६ जानेवारीचा आमचा दिवस म्हणजे सकाळी झेंडावंदन, मग सत्यनारायण, शिऱ्याचा प्रसाद, मसालेभात-जिलबी-मठ्ठा, लिंबू-चमचा, संगीतखुर्ची आणि मग तीन ते पाच गाणी. सगळा दिवस लोक या दोन तासांसाठी काढतात. का? कारण ते दुपारी असतात. रात्रीची पार्टी ही पुरुषांची आणि तरुण पोरांची. रात्री आमच्या सोसायटीतल्या बायका उद्याच्या डब्याची भाजी निवडत असतात, कारण सकाळची लोकल सुटते ती सुटते. पण या दुपारी स्वयंपाक केटररचा, भांडी केटररची, नवरे मठ्ठा पिऊन निम्मे झोपलेले. वर्षातून हे दोन तास असे, की नाचायला कुणाची परवानगी लागत नाही आणि अंधाराचा आडोसाही लागत नाही.

पहिल्या वर्षी मी सपशेल आपटलो. बी.कॉम. माणूस, गाण्यांची यादी खतावणीसारखी आखून आणली होती. तीन वाजून एक मिनिटाने सगळ्यात जलद गाणे लावले. कुणी उठेना! जिलबी पोटात असताना माणूस उठत नसतो, हे कॉमर्सला शिकवत नाहीत. मग मला काउंटरची आठवण झाली. खिडकीशी आलेला माणूस पैसे काढायला आलाय की मुलाची तक्रार सांगायला, हे चेहऱ्यावरून ओळखता येते. (हल्ली आम्हाला क्लार्क म्हणत नाहीत, ग्राहकसेवा सहयोगी म्हणतात. पगार तोच, पाटी लांब.) मी यादी मिटली आणि चेहरे वाचायला लागलो.

आधी जुनी सिनेमातली गाणी, हलक्या आवाजात, सुस्ती न मोडता. मग एखादे असे, की नुसता पाय हलावा. मग कोळीगीत! त्याचा ठेका होडीसारखा डुलतो, त्यात न येणाराही चुकत नाही. बायका उठतात, पण आधी एकेक लहान मूल हाताशी धरून उठतात. मूल हा पहिल्या गाण्यापुरता जामीनदार असतो. दुसऱ्या गाण्याला जामीनदार मोकळा होतो आणि कर्ज जोरात सुरू होते. तीन जलद झाली की एक संथ लावायचे, कारण गुडघ्यांच्या खात्यात शिल्लक बेताची असते. आणि पावणेचारला तळमजल्यावरच्या आजींचे कोळीगीत. आजी ब्याऐंशीच्या. माहेर अलिबागकडचे. खुर्चीत बसून नुसत्या हातांनी नाचायच्या. पण असे हात मी दुसरे पाहिले नाहीत. समोर वल्ही दिसायची.

२०२४ साली भिंत आली.

मी मोबाईलवर आवाज मोजला. ऑडिटला चालेल असे माप नव्हे, पण आकडा १०५ डेसिबलच्या आसपास नाचत होता. नाचणारा तेवढाच! आता डेसिबल हा प्रकार समजून घ्या, कारण तो चक्रवाढ व्याजाचा थोरला भाऊ आहे. दर दहा डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहा पट होते, पण कानाला तो साधारण दुप्पटच वाटतो. राहत्या वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. ५५ चे १०५ झाले, म्हणजे कानाला आवाज बत्तीस पट वाटतो आणि आत शिरते ती लाख पट. पासबुकात बत्तीस दिसतात आणि खात्यातून लाख जातात! आमच्या बँकेत असे कुणी केले तर चौकशी लागेल. जाणकारांचा हिशेब असा, की ८५ डेसिबल आठ तास सोसावेत आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी करावी. त्या हिशेबाने शंभराला पंधरा मिनिटे, आणि १०५ ला पाच मिनिटेसुद्धा नाहीत. म्हणजे एक गाणे. कानातल्या केसपेशी एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. डोक्यावरच्या बाबतीत हा अनुभव मी घेतलाच आहे, कानांच्या बाबतीत नको.

पोरांची बाजू मी ऐकून घेतली. "काका, वर्षातून एकच दिवस!" अरे बाळांनो, गणपतीवाला हेच म्हणतो, हळदवाला हेच म्हणतो, वाढदिवसवाला नगरसेवक हेच म्हणतो. वर्षात 'एकच दिवस' किती असतात, ते कॅलेंडर घेऊन मोजा. "आम्ही दहानंतर वाजवत नाही, कायदा पाळतो." कायद्याचा निम्मा भाग पाळतो म्हणा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रात्री दहा ते सकाळी सहाची बंदी आहे, तशीच दिवसाची मर्यादाही आहे. दिवस म्हणजे काही मोकळे कुरण नव्हे.

एक मात्र कबूल करतो. त्या ठोक्याने छाती आतून हलते त्यात मजा आहे. माझाही डावा पाय हलला होता. आणि भिंत चालवणारा पोरगाही वाईट नव्हता. आदल्या रात्रीची हळद उरकून तीन तास झोपून आला होता. पण तो बसला होता भिंतीच्या मागे. भिंतीची तोंडे आमच्याकडे आणि तो पलीकडे! त्याला आम्ही दिसतच नव्हतो. कोण उठले, कोण बसले, कुणाचे गुडघे संपले, त्याला काय कळणार? भिंतीपुढे सहा पोरे नाचली. बायका पार्किंगच्या मागे जाऊन खुणांनी बोलत बसल्या आणि साडेतीनला एकेक करून वर गेल्या. वर्षाचे ते दोन तास बुडीत खाती गेले.

पावणेचारला मी आजींकडे डोकावलो. खिडक्या बंद. आजी स्वयंपाकघरात, कानातले यंत्र काढून डबीत ठेवलेले.

"ये रे बँकवाल्या," त्या म्हणाल्या. "बहिरेपणाचा आज पहिल्यांदा उपयोग झाला बघ." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "माझं गाणं झालं का रे? झालं असलं तर मला कळलं नाही."

झाले नव्हते. कुणी लावलेच नव्हते.

म्हणून येत्या सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडतो आहे: २६ जानेवारीला दुपारी तीन ते पाच गाणी माणसाने लावावीत, आणि त्याचे तोंड नाचणाऱ्यांकडे असावे. आवाज इतकाच, की शेजारणीने "चल गं, ऊठ" म्हटलेले शेजारणीला ऐकू यावे. पोरांना संध्याकाळी एक तास त्यांचा ठोका द्यावा, पण तोही मर्यादेत.

सौ. म्हणाली, ठराव पडणार. पडेल. बँकेत काय रोज सगळे टॅली होते? पण ठरावाला अनुमोदक लागतो, आणि तिथेच अडले आहे. आजी एका पायावर तयार आहेत. पण फ्लॅट मुलाच्या नावावर, आणि मुलगा न्यू जर्सीत.

तेव्हा वाचकहो, आमच्या सोसायटीचे सभासद तुमच्यात कुणी असतील तर त्यांनी हात वर करावा. तोंडी सांगू नका. भिंत चालू असली तर मला ऐकू येणार नाही.