आपली गाडी, मिस्त्रींची फुफ्फुसं

आमच्या घरी 1986 ची प्रीमियर पद्मिनी आहे. आजोबांनी घेतलेली, फिकट निळी. गेली सहा वर्षं ती सांगलीच्या घरी शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. यंदा इंजिनाचं काम झालं आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच विषय सुरू झाला: रंग कुठला मारायचा? मामेभावाने एक रील टाकलं. त्यात लालभडक मेटॅलिक पद्मिनी, वर काचेसारखा क्लिअर कोट. मामाने लगेच निकाल दिला, "पीयूच मारा, दहा वर्षं बघायला नको." जुन्या गाड्यांचा नाद असलेले बाबांचे एक मित्र म्हणाले, "छे! ड्युकोच पाहिजे. नाहीतर ती पद्मिनी राहिलीच नाही."

मला या दोन्ही पक्षांशी भांडायचं आहे.

आधी ड्युकोवाले. ड्युको हे मुळात अमेरिकेतल्या ड्यू पॉन्ट कंपनीच्या रंगाचं नाव, 1920 च्या दशकातलं. डालडा जसं सगळ्याच वनस्पती तुपाचं नाव झालं, तसं आपल्याकडे गॅरेजमध्ये नायट्रोसेल्युलोज लॅकरला सरसकट ड्युको म्हणतात. हा रंग थिनर उडून गेला की वाळतो. त्याआधी गाडीचं व्हार्निश वाळायला आठवडे लागायचे, या रंगाने ते काम खूपच लवकर उरकायला लागलं. वाळल्यावरही थिनर लावला तर तो पुन्हा विरघळतो, त्यामुळे एका कोपऱ्याची दुरुस्ती सोपी जाते. धूळ बसली तर पाण्याचा पेपर आणि रबिंग कंपाउंड मारून निघते. उघड्यावर काम करणाऱ्या मिस्त्रींना तो आवडायचा तो यामुळेच. दोषही आहेत. पेट्रोल सांडलं की डाग पडतो, जाड थर दिला की तडे जातात, आणि पावसाळी हवेत मारला तर पांढरट झाक येते.

हे सगळं मान्य. पण "ओरिजिनल" या शब्दाचा धाक मला नको. आमच्या गाडीचं दार घासलं तेव्हा निळ्याखाली पांढरा निघाला आणि पांढऱ्याखाली दुसराच निळा. यातला ओरिजिनल कुठला? 2021 च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंद व्हायला गाडी पन्नास वर्षांहून जुनी लागते. आमची अजून त्या वयाची नाही. म्हणजे शुद्धतेचं सर्टिफिकेट मागणारं सध्या कुणीच नाही, फक्त काका आहेत.

आता पीयूवाले. पीयू किंवा टू-के म्हणजे दोन डब्यांचा रंग. एका डब्यात रंग, दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही एकत्र केले की रासायनिक क्रिया होऊन कडक थर तयार होतो. ऊन, पेट्रोल, पाऊस यांना तो लॅकरपेक्षा कितीतरी चांगला पुरतो. यातही मामाचं चुकलेलं नाही. पण खाली गंज ठेवून वर बोटभर लांबी भरली असेल, तर कुठलाही पीयू गाडीला वाचवत नाही. दोन पावसाळ्यांत फुगे येतात. मेटॅलिक आणि क्लिअर कोट घेतला, तर एका ओरखड्यासाठी अख्खा पॅनेल रंगवायची वेळ येते. शिवाय आरसी बुकात गाडीचा रंग लिहिलेला असतो. निळ्याची लाल करायची तर आरटीओची पायरी चढायची. हे रीलमध्ये दिसत नाही.

रीलमध्ये आणखी एक गोष्ट दिसत नाही, आणि माझं खरं भांडण तिच्यासाठी आहे.

अंदाजपत्रक घ्यायला मी एका गॅरेजात गेलो होतो. मालकाने पुढे उभी असलेली चकचकीत गाडी दाखवली, तिच्यात माझा चेहरा दिसत होता. मागे हिरव्या जाळीच्या आडोशाला माझ्याच वयाचा एक जण स्प्रे गन घेऊन काम करत होता. नाकावर ओला रुमाल, बस्स. मी विचारलं, हा पीयू ना? तो म्हणाला, "हो. थिनरपेक्षा बरा, एवढा वास नाही येत."

खरी गोम तिथेच आहे. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. रंगकाम करणाऱ्यांना होणाऱ्या दम्याचं ते माहीत असलेलं कारण आहे. हवेतलं त्याचं प्रमाण धोक्याच्या पुढे गेलं तरी वास येईलच असं नाही. एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे जराशा फवाऱ्यानेही दमा उसळतो, आणि मग माणसाला तो धंदाच सोडावा लागू शकतो. ब्रिटनमध्ये या कामासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क आणि बंद बूथ लागतो. आपण ओल्या रुमालावर भागवतो आणि वर बिलात पाचशे रुपये कमी करा म्हणतो.

यावर ठरलेली उत्तरं येतात. "त्यांना सवय असते." आयसोसायनेटची सवय होत नाही, उलट होतं. "मग पाण्याचा रंग घे, तो इको-फ्रेंडली." त्यात सॉल्व्हंट कमी असतो हे खरं. पण त्या रंगावर बहुतेक वेळा जो क्लिअर कोट मारतात तो टू-केच असतो, म्हणजे हार्डनर आलाच. "लॅकरचा थिनर काय अमृत आहे का?" अजिबात नाही. तो डोक्यात जातो, पेट घेतो, त्यालाही मास्क आणि मोकळी हवा हवी. पण तो निदान वासाने सावध करतो, आणि त्यात आयसोसायनेट नसतं.

मी एसी ऑफिसात बसून कोड लिहितो. माझी पाठ दुखू नये म्हणून कंपनीने खुर्ची बदलून दिली. माझ्या हौसेची गाडी रंगवणाऱ्याला मी साधा मास्क मागायला लाजतो, तर चकाकीबद्दल बोलायचा मला हक्क नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. रंग गाडीवरून ठरवू नका, तो मारला जाणार आहे त्या जागेवरून ठरवा. बूथ आहे, हवेचा मास्क आहे, आणि तो वापरला जातो? मग साध्या रंगाचा, क्लिअर कोट नसलेला टू-के खुशाल मारा. जुन्या गाडीच्या वळणांना तो शोभतो आणि टिकतोही. हे नसेल तर टू-केचं नाव काढू नका.

आम्हाला बूथचा खर्च झेपणारा नव्हता. चिंधीवर थिनर घेऊन डिकीच्या आत घासून पाहिलं. रंग चिंधीवर उतरला असता तर खाली लॅकर, काहीच झालं नसतं तर बहुधा टू-के. आमचा सुरकुतला, म्हणजे सिंथेटिक एनॅमल. त्यावर लॅकर मारला तर तो उचलला जाणार. जुना कोड न वाचता त्यावर नवा चढवला की जे होतं, तेच. त्यामुळे आधी पत्र्यापर्यंत उतरवायचं, गंज काढायचा, मग प्रायमर. दिवाळीनंतर कोरड्या हवेत लॅकर, तोच फिकट निळा. कार्ट्रिजचे दोन चांगले मास्क मी विकत घेतलेत आणि मिस्त्रींशी बोलून ठेवलंय: मास्क उतरला की काम थांबवायचं, दिवस वाढले तर मजुरी वाढवून देऊ.

ड्युकोवाले काका खूश आहेत. त्यांचं कारण वेगळं आहे, पण चालेल. मामा म्हणतो, पाच वर्षांत पुन्हा पॉलिश करावं लागेल. करू की. मिस्त्रीही तेव्हा धडधाकट असायला हवेत.