सुनेच्या बोटाला लागलेली गाठ

"दुखत नाही ना, मग असू दे की!" साठी ओलांडलेल्या काकू तपासणीच्या टेबलावर झोपता झोपता म्हणाल्या. त्यांना सुनेनं ओढून आणलं होतं. रात्री सासूबाईंच्या बेंबीत तेल सोडताना तिच्या बोटाला काहीतरी कडक लागलं. मीही चाचपून पाहिलं. हरभऱ्याएवढी लालसर गाठ, दाबली तरी जागची हलेना. तुकडा तपासायला पाठवला. मूळ अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये निघालं.

या गाठीला वैद्यकात एका नर्सचं नाव आहे, सिस्टर मेरी जोसेफ. अमेरिकेतल्या रोचेस्टरच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये त्या डॉ. विल्यम मेयो यांना ऑपरेशनमध्ये मदत करत. रुग्णाचं पोट धुताना त्यांच्या ध्यानात आलं, की बेंबीत अशी गाठ असली की आत कॅन्सर पसरलेला सापडतो. मेयो यांनी १९२८ मध्ये या गाठीविषयी लिहिलं. सिस्टर १९३९ मध्ये गेल्या आणि दहा वर्षांनी हॅमिल्टन बेली या इंग्रज सर्जननं गाठीला त्यांचं नाव दिलं. सिस्टरांनी पोट धुताना जे हेरलं, तेच सुनेनं तेल सोडताना हेरलं.

आतला कॅन्सर कातडीवर येणं तसं कमीच. आला, तर बायकांमध्ये बहुधा स्तनाचा असतो आणि छातीवर, ऑपरेशनच्या व्रणापाशी दिसतो. पुरुषांमध्ये अनेकदा फुफ्फुसाचा असतो. मूत्रपिंडाचा कधी डोक्याच्या कातडीत उगवतो. या गाठी सहसा दुखत नाहीत, म्हणून लेप लावण्यात महिने जातात.

दुसरी अडचण भीतीची. 'तुकडा काढला की कॅन्सर पसरतो' हे मी रोज ऐकतो. अहो, अशी गाठ कॅन्सर पसरल्यामुळेच आलेली असते. तुकडा काढल्यानं तो कुठून आला ते कळतं आणि औषध त्यावरून ठरतं. आजार पुढे गेलेला असला, तरी उपचारानं दिवस वाढतात, त्रास कमी होतो.

प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. चरबीच्या साध्या गाठी कितीतरी जणांना असतात. पण नव्यानं आलेली, कडक, वाढणारी गाठ दोन-तीन आठवड्यांत गेली नाही, तर ती दाखवाच. कॅन्सरचे उपचार पूर्वी झाले असतील, तर तेवढंही थांबू नका. आणि डॉक्टरमित्रांनो, रुग्णाला अंघोळ घालणारी सून, लेक किंवा आया "इथे काहीतरी लागतंय" म्हणाली, तर ते केसपेपरवर लिहा आणि तिथे स्वतः हात लावून बघा.