अंथरूण आखडते तेव्हा



अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही शिकवण आपल्याकडे आजीपासून नातवापर्यंत चालत आलेली आहे. ती खोटी आहे असे कोणी म्हणणार नाही. उधळपट्टीने कित्येक घरे बुडालेली आपण पाहिली आहेत. परंतु ज्या कुटुंबाने पाय कधी लांब केलेच नाहीत, चहातल्या साखरेपासून मुलांच्या वह्यांपर्यंत सारे मोजूनमापून केले, आणि तरीही महिनाअखेर ज्याचे पाय उघडे पडतात, त्या कुटुंबास ही म्हण ऐकवून काय उपयोग? तेथे पाय वाढलेले नसतात. अंथरूणच दरसाल बोटभर आखडत असते. ह्या आठवड्यात आपण अशा आखडणाऱ्या अंथरुणाचा, म्हणजे महागाईच्या मागे रेंगाळणाऱ्या वेतनाचा विचार करू.

प्रथम साधा हिशेब पाहू. आपल्या सरकारने 2016 साली रिझर्व्ह बँकेस महागाईचे लक्ष्य नेमून दिले, ते वर्षाला 4 टक्क्यांचे. म्हणजे भाव दरसाल 4 टक्क्यांनी वाढले, तर सारे काही ठरल्याप्रमाणे चालले आहे असे मानावयाचे. आता समजा, एखाद्या गृहस्थास महिन्याला 10,000 रुपये मिळतात आणि दहा वर्षे त्यांत पैचीही वाढ झाली नाही. भाव मात्र ठरल्याप्रमाणेच वाढले. दहा वर्षांनी 100 रुपयांच्या बाजारास 148 रुपये पडतील, आणि त्याचे 10,000 रुपये पूर्वीच्या सुमारे 6,750 रुपयांइतकेच काम करतील. त्याच्या पाकिटातून कोणी एक नोट काढलेली नाही, तरी पगाराचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेलेला आहे. धन्याने उद्या उघडपणे तेवढी कपात केली असती, तर कारखान्यात केवढा गहजब झाला असता! पण न बोलता झालेली कपात कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. करणाऱ्याच्या नाही आणि पुष्कळदा सोसणाऱ्याच्याही नाही.

सोसणाऱ्यास न कळल्यामुळे घरात जे घडते ते अधिक दुःखद असते. नवरा म्हणतो, “पूर्वी एवढ्यातच भागत होते, आताच का भागत नाही?” बायकोस वाटते, आपल्या काटकसरीवर संशय घेतला जात आहे. मग दूध अर्ध्या लिटरवर येते. त्यानंतर म्हाताऱ्या आईची औषधे “पुढच्या महिन्यात आणू” म्हणून राहतात. शेवटी मुलीच्या शिक्षणाकडे बोट जाते. दोष बाजाराचा आणि गोठलेल्या पगाराचा. भांडण मात्र दोन निरपराध माणसांत. म्हणून हा केवळ पैशाचा प्रश्न नसून घरच्या शांतीचाही प्रश्न आहे.

ह्या गोष्टीचे एक ठळक उदाहरण नुकतेच मध्य प्रदेशात घडले. होळकरांच्या काळापासून जेथे मराठी कुटुंबे नांदत आली आहेत, त्या इंदुराहून महूकडे निघाले म्हणजे वाटेत राऊ लागते. एके काळचे हे लहान गाव आता शहराला जवळजवळ भिडले आहे. तेथून एक रस्ता पीथमपूरच्या कारखान्यांकडे फुटतो. मोटारींपासून औषधांपर्यंत नाना वस्तू तेथे तयार होतात. त्याच रस्त्यावर, टेकडीवर, भारतीय व्यवस्थापन संस्थेचे आवार आहे. कारखाना कसा चालवावा ह्याचे उच्च शिक्षण टेकडीवर मिळते आणि प्रत्यक्ष कारखाना चालविणारे हात रस्त्याच्या दुसऱ्या टोकास राबतात.

ह्या हातांना निदान किती मोल मिळावे हे राज्य सरकार ठरवून देते. किमान वेतनाचे दर पाच वर्षांच्या आत पुन्हा तपासावेत, असे 1948 च्या कायद्यात म्हटले होते, आणि त्याची जागा घेणाऱ्या 2019 च्या वेतन संहितेतही ती मुदत कायम आहे. मध्य प्रदेशात मात्र 2014 नंतर मूळ दरांची फेरतपासणी झाली ती एकदम 2024 साली. 1 एप्रिल 2024 पासून नवे दर लागू झाले आणि अकुशल कामगाराचा मासिक दर 10,175 रुपयांवरून 11,800 रुपयांवर गेला. इतक्यात कारखानदारांच्या संघटना न्यायालयात गेल्या. मे महिन्यात उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने त्या दरांस स्थगिती दिली, आणि ती उठली डिसेंबरात. कारखानदारांना आपले म्हणणे मांडण्याचा अधिकार होता, आणि लहान कारखान्यांच्या अडचणीही खोट्या नसतात. परंतु ज्या घरात महिन्याला सोळाशे रुपयांचा फरक म्हणजे दूध, भाजी आणि शाळेची बस, त्या घरास मे ते डिसेंबर हा काळ किती लांब वाटला असेल ह्याची कल्पना आपण करू शकतो.

येथे कोणी विचारील, मधल्या दहा वर्षांत महागाई भत्ता मिळतच होता ना? होय, तो वर्षातून दोनदा बदलत असे. पण भत्त्याचे काम कोणते हे समजून घेतले पाहिजे. कामगारांच्या नेहमीच्या गरजांची एक यादी करून, तिचा भाव किती वाढला हे सरकारचे श्रमखाते दरमहा निर्देशांकाने दाखविते. भत्ता त्या निर्देशांकाच्या मागून चालतो. तो जुनी टोपली पूर्वीसारखी भरून देतो, एवढेच. टोपलीत नवी गरज आली, तर तिच्यासाठी मूळ वेतनच वाढावे लागते. आज मोबाइलवाचून मजुराला कामाचा निरोपही मिळत नाही. मुलांना शिकवणी लावावी लागते. ह्या गोष्टी चैनीच्या राहिलेल्या नाहीत.

आपल्या देशाने हा विचार पूर्वीच करून ठेवला आहे. 1957 साली भारतीय श्रम परिषदेच्या पंधराव्या अधिवेशनात किमान वेतनाची मापे ठरली. कमावणारा, त्याची पत्नी आणि दोन मुले मिळून तीन खाणारी माणसे धरावीत; प्रत्येकास रोजचा 2,700 कॅलरींचा आहार मिळावा; कुटुंबास वर्षाला 72 वार कापड, राहण्यास घर, आणि वेतनाचा पाचवा हिस्सा सरपण, दिवाबत्ती व इतर किरकोळ खर्चासाठी असावा. पुढे 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट कंपनीच्या खटल्यात सांगितले की, मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार, लग्नकार्य आणि म्हातारपण ह्यांसाठी किमान वेतनाचा आणखी चौथा हिस्सा धरला पाहिजे. तेव्हा मुलीची फी आणि आईची औषधे मागणे हा हट्ट नव्हे. न्यायाच्या पुस्तकात ती आधीच मांडलेली आहेत.

किमान वेतनाच्या कायद्याचा उगमही ह्याच परिसराशी जोडलेला आहे, हा एक योगायोगच. राऊच्या पुढे महूच्या छावणीत 14 एप्रिल 1891 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. व्हाइसरॉयच्या मंडळात 1942 ते 1946 ह्या काळात श्रमखाते त्यांच्याकडे होते, आणि किमान वेतनाचे विधेयक 1946 साली त्यांनीच मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. त्यांच्या जन्मानंतर एका महिन्याने, 15 मे 1891 रोजी, रोममध्ये पोप तेरावे लिओ ह्यांनी ‘रेरूम नोव्हारूम’ हे आपले प्रसिद्ध परिपत्रक काढले. कामगाराने मजुरी कबूल केली म्हणून ती न्याय्य ठरत नाही, असे त्यात त्यांनी बजावले. पोटाच्या गरजेने माणूस अपुऱ्या मोलासही होकार देतो; तो होकार खुशीचा नसतो. काटकसरीने वागणाऱ्या कामगाराचा चरितार्थ चालेल इतके वेतन मिळाले पाहिजे. पुढे 1931 साली अकरावे पायस ह्यांनी त्या वेतनात कामगाराचे कुटुंबही स्पष्टपणे धरले. 8 मे 2025 रोजी निवडून आलेल्या पोपमहाशयांनी लिओ हे नाव घेतले, तेही त्या परिपत्रकाची आठवण ठेवून.

वेतन कमी देणे आणि वेतन उशिरा देणे ही सख्खी भावंडे आहेत. इंदुरातील हुकुमचंद गिरणी 1991-92 च्या सुमारास बंद पडली. तिच्या कामगारांच्या हक्काचे पैसे थकले आणि न्यायालयाच्या पायऱ्या चढण्यात तीन दशके गेली. सुमारे 4,800 कामगारांच्या देण्यापोटी जवळजवळ 224 कोटी रुपये मार्गी लागले ते 25 डिसेंबर 2023 रोजी, ऐन नाताळच्या दिवशी. तोवर अनेकजण निवर्तले होते; त्यांच्या घामाचा पैसा विधवांच्या आणि मुलांच्या हाती आला. तरुणपणी ज्या पैशात घर उभे राहिले असते, त्याची म्हातारपणी किती किंमत उरली असेल?

मग ज्याचे अंथरूण आखडत आहे त्याने काय करावे? आधी हिशेब लिहावा. तांदूळ, तेल, डाळ, दूध, गॅस, भाडे, फी, प्रवास अशा आठ-दहा गोष्टींचे भाव दर सहा महिन्यांनी एका वहीत टिपून ठेवावेत आणि शेवटची पगारवाढ झाली त्या दिवसाच्या भावांशी ते ताडून पाहावेत. ती वही नवराबायकोंनी एकत्र बसून पाहावी; घरातला अर्धा रुसवा तेथेच मावळेल. आपल्या कामासाठी सरकारने जाहीर केलेला दर कोणता, हे विचारून घ्यावे. शेतमजुरांसाठीही असे दर असतात. त्यानंतर वहीतील आकडे घेऊन, शक्य तर सोबत्यांसह, धन्यापुढे शांतपणे जावे. “मला अधिक द्या” असे म्हणण्यापेक्षा “तुम्ही जे देण्याचे ठरविले होते, ते आता तेवढे राहिलेले नाही” असे सांगावे. कर्ज काढून मात्र जुनी ऐट टिकवू नये. गोठलेल्या पगारावर व्याजाचा बोजा पडला, तर माणूस पुन्हा वर येत नाही.

आणि शेवटी एक प्रश्न आपणा सर्वांस. आपण केवळ मजुरी घेणारे नाही. पुष्कळदा देणारेही असतो. भातलावणीस येणाऱ्या बायका, वाडीत नारळ पाडणारा गडी, घरी धुणीभांडी करणारी बाई, ह्यांची मजुरी आपण शेवटची केव्हा वाढविली? त्या दिवशी तेलाचा भाव काय होता आणि आज काय आहे? नाताळास दिलेली साडी ही भेट आहे. ती प्रेमाने जरूर द्यावी, परंतु मजुरीच्या वाढीत ती धरू नये. आपल्या धन्याने हिशेब करावा असे वाटणाऱ्याने, आपल्या दारी राबणाऱ्यांचा हिशेब आधी करावा. ह्या रविवारी जेवणानंतर वही उघडाल तेव्हा दोन पाने राखून ठेवा: एका पानावर आपल्याला मिळणारे वेतन आणि दुसऱ्यावर आपण देतो ते. दोन्ही पानांना एकच माप लावा.